हिरव्या कापडावरची हत्यारं

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एका टेबलाची सगळ्यांनाच धास्ती असते. टेबलावर हिरवं कापड, कापडावर ओळीने मांडलेली स्टीलची हत्यारं आणि पलीकडे खुर्चीत परीक्षक. समोरचं एक उचलायचं, नाव सांगायचं, कशासाठी वापरतात ते सांगायचं, निर्जंतुक कसं करतात ते सांगायचं. अॅलिस, बॅबकॉक, कोकर, सिम्स. नाव बरोबर आलं तरी चिमटा चुकीच्या बोटांनी धरला तर अनुभवी परीक्षकाला लगेच कळतं, की या पोराने पुस्तक पाहिलंय, ऑपरेशन थिएटर नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये हे टेबल कित्येक दशकं मांडलं जातंय. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 साली सुरू झालं, केटीएस आणि बाई गंगाबाई ही दोन जुनी रुग्णालयं त्याला जोडली गेली, आणि हे टेबल धानाच्या जिल्ह्यातही आलं.

चित्रकाराच्या नजरेने पाहिलं तर ही मांडणी म्हणजे तयार स्थिरचित्र आहे. मागे एकरंगी कापड, एका बाजूने खिडकीचा उजेड, लहानमोठे आकार, चकाकणारा धातू. शासनाच्या रेखाकला परीक्षेत एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमीजिएटला स्थिरचित्र असतं, त्याची मांडणी याहून वेगळी नसते. फक्त तिथे किटली, तांब्या, कांदे, वांगी आणि एखादी चुरगळलेली चादर असते. आमगाव-देवरीच्या शाळांतली मुलंही ती किटली घोटून घोटून काढतात. किडनी ट्रे काढायला कुणी सांगत नाही.

डॉक्टर मंडळी चित्रं काढतच नाहीत असं मात्र नाही. पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या जर्नलसाठी एक खास पेन्सिल मिळते, एका टोकाला गुलाबी, दुसऱ्या टोकाला जांभळी. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक जांभळट दिसतं आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी, म्हणून ही जोडी. सूक्ष्मदर्शकात डोळा घालायचा, वर काढायचा आणि कागदावर यकृत उतरवायचं. निम्मी मुलं सीनियरच्या जर्नलवरून उतरवतात हेही खरं. पण जी खरोखर पाहून काढतात, त्यांना पुढे स्लाइड ओळखताना अडत नाही. वैद्यकातल्या चित्रकलेचं मूळ काम हेच होतं. चित्र काढायचं ते पुढच्या माणसाच्या हाताला आणि डोळ्याला उपयोगी पडावं म्हणून. हत्यारांची जी चित्रं आजवर टिकली, त्यांतली बहुतेक अशीच आहेत. निव्वळ गौरवासाठी काढलेली चित्रं दिसायला भव्य असतात, पण हत्याराच्या बाबतीत अनेकदा खोटी ठरतात.

सगळ्यात जुन्यांपैकी एक नमुना इजिप्तमध्ये नाईलकाठी कोम ओंबोच्या देवळात आहे. रोमन काळातल्या या भिंतीवर चिमटे, सुऱ्या, कात्री, तराजू, रक्त ओढून काढायच्या तुंबड्या अशा वस्तू रांगांत कोरल्यात. ही शस्त्रक्रियेची हत्यारं नसून पूजेची उपकरणं असावीत असंही काही अभ्यासक म्हणतात. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. एकही वस्तू दुसरीवर चढलेली नाही, प्रत्येक तिच्या सर्वांत ओळखू येणाऱ्या बाजूने दाखवली आहे. कोरणाऱ्याला भिंत सजवायची असेलही, पण त्याने यादीच केली आहे.

इसवी सन 1000 च्या सुमारास कॉर्डोव्हाजवळच्या अल-झहरावीने आपल्या ग्रंथात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या दिल्या. 1543 साली वेसालियसच्या शरीररचनेच्या ग्रंथात एका टेबलावर पसरलेली शवविच्छेदनाची हत्यारं छापली गेली: करवती, सुऱ्या, आकडे, सुया. लाकडी ठशाचं हे चित्र मला आजच्या व्हायव्हाच्या टेबलाचं थेट पूर्वज वाटतं. चित्रात माणूस नाही. तरी सुरी कुठे धरायची हे मुठीच्या झुकावावरून कळतं.

आपल्याकडे सुश्रुताने चित्र काढलं नाही, पण शब्दांत जे केलं ते चित्राच्या जवळचं आहे. त्याची यंत्रं एकशेएक: चोवीस स्वस्तिक, दोन संदंश, दोन ताल, वीस नाडी, अठ्ठावीस शलाका, पंचवीस उपयंत्रं. धारेची शस्त्रं वेगळी, ती वीस. या सगळ्यांत हात हेच प्रधान यंत्र, असं तो बजावतो. स्वस्तिक यंत्रं म्हणजे आजच्या फोर्सेप्सचे पूर्वज, आणि त्यांची तोंडं ठरवली ती प्राण्यापक्ष्यांवरून: सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख, कंकमुख. लोहाराला नकाशा न देता आकार सांगायचा तर याहून चांगली युक्ती नव्हती. कंकमुखाला तो सर्वांत श्रेष्ठ म्हणतो, कारण ते आत सहज जातं, पकड घट्ट ठेवतं आणि शल्य घेऊन परत सहज येतं. कंक म्हणजे बगळ्याच्या कुळातला पक्षी. पावसाळ्यात गोंदियाच्या कुठल्याही बांधीत किंवा बोडीच्या काठी थोडा वेळ उभं राहिलं, की चोच पाण्यात शिरते कशी आणि मासोळी धरून निघते कशी, ते दिसतं. लोहाराने ते पाहिलेलं असणार, म्हणून सुश्रुताचं काम एका शब्दात भागलं. पुढे युरोपात हत्यारांना माणसांची नावं मिळाली. नवशिक्याला कोकर म्हटल्यावर काहीच दिसत नाही, ते पाठ करावं लागतं. अर्थात कानाच्या डॉक्टरांकडे क्रोकोडाइल आहे आणि सर्जनच्या ट्रेमध्ये मॉस्किटो आहे, म्हणजे जुनी पद्धत अगदीच गेलेली नाही.

महाराष्ट्रातलं या विषयातलं सर्वांत मोठं चित्र पुण्यात, 1794 च्या जानेवारीत काढलं गेलं. चित्रकार जेम्स वेल्स, स्कॉटिश, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात राहणारा. समोर बसलेला माणूस कावसजी, इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडी हाकणारा. 1792 च्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीपासून त्याला नाक बसवून दिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

तिची हकीकत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 ला छापून आली, आणि तिच्यातली हत्यारं वाचण्यासारखी आहेत. आधी मेणाची पातळ पट्टी. ती नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून नाकाचा घाट द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मधे एक चिंचोळा देठ राखायचा, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. जुन्या जागेची खपली-कातडी काढून कड ताजी करायची, त्या खाचेत नवी कातडी बसवायची. चिकटवायला पाण्यात कालवलेला कात, तो कापडाच्या पट्ट्यांवर लावून एकावर एक. चार दिवसांनी कात काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास देठ कापायचा. मेण, कात, तूप, चिंध्या. पानाच्या डब्यातला कात इथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला आहे.

छापलेल्या चित्रात पागोटं घातलेला कावसजी आहे, नवं नाक लावलेला, कपाळावर व्रणाची खूण. आणि त्याच्या सोबतीला छोट्या आकृत्या आहेत, सपाट केलेल्या मेणाच्या पट्टीची आकृती त्यांतच. नुसतं व्यक्तिचित्र असतं तर पाहणाऱ्याने नवल केलं असतं आणि पान उलटलं असतं. त्या पट्टीमुळे लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनला काहीतरी करून पाहता आलं. त्याने आधी मृतदेहांवर सराव केला, 1814 साली जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली, 1816 साली पुस्तक छापलं, आणि युरोपात नाक बसवण्याची नवी परंपरा सुरू झाली. पुण्याच्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रकाराचं नाव आहे, रुग्णाचं आहे, पाहणाऱ्या दोघांचं आहे. करणारा तेवढा गाळला. वेल्सच्या हाताखाली आणि मॅलेटसाठी गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करत होता. त्याने त्या कुंभाराला काम करताना रेखाटलं असतं तर, असं वाटत राहतं.

आता गौरवाच्या चित्रांकडे. स्टेथोस्कोपचा जन्म 1816 चा. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेकने एका तरुण स्त्रीची छाती ऐकायला कागदाची गुंडाळी करून लावली, कारण तिच्या छातीवर थेट कान ठेवणं त्याला अवघड वाटलं. गुंडाळीतून आवाज उलट जास्त स्पष्ट आला. त्याची पुढे लाकडी नळी झाली. याच्यावर थिओबाल्ड शार्ट्रांने पॅरिसच्या सॉर्बोनसाठी भलंमोठं भित्तिचित्र काढलं. त्यात लेनेक क्षयरोग्याला तपासतोय, भोवती शिष्य जमलेत, आणि लेनेकने कान थेट रोग्याच्या छातीला लावलाय. नळी त्याच्या दुसऱ्या हातात नुसतीच धरलेली. जिच्यासाठी हे चित्र काढलं, ती वस्तू चित्रात बेकार बसली आहे. अभ्यासकांना यात जुन्या आणि नव्या पद्धतीची जोड दिसते, दिसो. मला वाटतं चित्रकाराला डॉक्टरचा चेहरा रोग्याजवळ हवा होता आणि नळी मधे आली असती.

याच्या उलट टोकाला फिलाडेल्फियाचा टॉमस एकिन्स. त्याचं 1875 चं डॉ. ग्रॉस यांचं चित्र साधारण आठ फूट उंचीचं आहे. सर्जन काळ्या रोजच्या कोटात, बोटांवर रक्त, हातात स्कालपेल, पुढे हत्यारांची पेटी उघडी पडलेली. परीक्षकांना ते किळसवाणं वाटलं, आणि 1876 च्या मोठ्या प्रदर्शनात ते कलादालनाऐवजी लष्करी दवाखान्याच्या विभागात टांगलं गेलं. खरं तर हत्यारांच्या चित्राला तीच जागा शोभते. 1889 साली त्याच चित्रकाराने डॉ. अॅग्न्यू यांचं चित्र काढलं, तिथे सर्जन पांढऱ्या कपड्यात आहेत आणि शेजारी परिचारिका उभी आहे. चौदा वर्षांत जंतुनाशनाचा विचार थिएटरमध्ये शिरला, तो कुठल्याही व्याख्यानापेक्षा या दोन चित्रांत चांगला कळतो. या दोन चित्रांच्या मधल्या काळात, 1883 ते 1886, आनंदीबाई जोशी त्याच शहरात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. काळ्या कोटाचा काळ संपून पांढरा सुरू होत होता, नेमका तोच त्यांच्या शिक्षणाचा काळ.

मग गोंदियाचं चित्र काढायचं तर टेबलावर काय मांडावं? पहिला मोह स्टेथोस्कोपचा होतो. दवाखान्यांच्या रंगवलेल्या पाट्यांवर तो आहेच, शेजारी तांबडा क्रॉस. तांबडा क्रॉस डॉक्टरांनी वापरायचा नसतो, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने त्यावर बंदी आहे, पण पाटी रंगवणाऱ्या पेंटरला ते कोण सांगणार. मी स्टेथोस्कोप मागे ठेवीन. या जिल्ह्याचं वैद्यक ज्या वस्तूंवर चालतं, त्या खूप स्वस्त आहेत.

पहिली वस्तू काचेची एक छोटी नळी. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींत आणि इतरही समाजांत आहे, 1958 साली नागपूरच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये त्यावर लिहिलं तेव्हापासून तो कागदोपत्री नोंदलेला आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. शाळेत किंवा उपकेंद्रात होणारी पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. बोटातून थेंबभर रक्त, नळीतल्या रसायनात सोडायचं, हलवायचं, काही मिनिटं थांबायचं. रसायनामुळे हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन निघतो, आणि सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळून न राहता गढूळपणा आणतं. हा गढूळपणा पाहायचा कसा? नळीच्या मागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर नळी साफ. रेघा बुजल्या तर पुढची तपासणी. निदान करणारं यंत्र म्हणजे काळ्या शाईच्या चार रेघा. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, त्यासाठी रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला जातं. तिथे विजेच्या प्रवाहात साधं हिमोग्लोबिन पुढे धावतं, सिकलचं मागे राहतं. वाहकाच्या पट्टीवर दोन ठिपके उमटतात, रुग्णाच्या पट्टीवर एकच, मागच्या जागेवर. लायनस पॉलिंगने 1949 साली याच तत्त्वावर दाखवून दिलं, की रोग रेणूतही असू शकतो.

दुसरी वस्तू काचेची स्लाइड. सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्ट्यात ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो. रक्ताचे दोन लेप एकाच काचेवर: एक जाड, गोल, आणि एक पातळ, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला, टोकाला जिभेसारखा निमुळता. जाड लेप किती जाड असावा याची कसोटी अशी, की ओला असताना त्याखाली छापील मजकूर धरला तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत. म्हणजे इथेही रक्ताच्या आरपार रेघ दिसते की नाही हेच पाहायचं. आणि रुग्णाचा क्रमांक लिहायचा तो वाळलेल्या पातळ लेपावरच, साध्या शिसपेन्सिलीने. शाई रंगवताना वाहून जाते, शिसं राहतं. चित्रकाराच्या हातातली पेन्सिल आणि आरोग्यसेवकाच्या हातातली पेन्सिल एकच आहे, आणि दोघांनाही ती जोरात दाबून चालत नाही.

तिसरी वस्तू शेजारच्या गडचिरोलीतून आणावी लागेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने न्यूमोनियाने दगावणाऱ्या बाळांसाठी काम सुरू केलं तेव्हा अडचण मोजणीची होती. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं बाळ पन्नास किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा. पण गावातल्या निरक्षर सुईणीने साठपर्यंत मोजायचं कसं आणि मिनिट धरायचं कसं? 1990 च्या आसपास त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या वयानुसार मण्यांच्या दोन रांगा. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यावर पोचला, तर औषध सुरू.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी वाळूचं घड्याळ असंख्य स्थिरचित्रांत घातलं. शेजारी कवटी, विझत आलेली मेणबत्ती, सुकलेलं फूल. माणसा, तुझा वेळ संपत आला, एवढंच त्यांना सांगायचं असे. ते घड्याळ सुईणीच्या हातात आलं तेव्हा त्याच्या वाळूत अजून काहीतरी करायला वेळ होता. मला माहीत असलेल्या वाळूच्या घड्याळांपैकी कॅनव्हासवर सर्वांत जास्त मान या एकाला मिळायला हवा, आणि माझ्या माहितीत ते कुणी रंगवलेलं नाही.

डॉक्टर-चित्रकार आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. सुधीर पटवर्धन 1949 साली पुण्यात जन्मले, तिथल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. गीव्ह पटेल मुंबईत दवाखाना चालवत, कविताही लिहीत. पटवर्धन कामगार आणि शहर रंगवतात, पटेल विहिरींत डोकावले. दिवसभर यंत्रावर काम करणाऱ्याला रात्री यंत्र रंगवायचं नसावं. ते समजू शकतो. इंग्लंडच्या डेमियन हर्स्टने 1992 साली अख्खी खोलीभर औषधांची कपाटं मांडून फार्मसी नावाची कलाकृती केली, ती मला गार वाटते. तिथली एकही बाटली कुणाच्या दुखण्यासाठी उघडलेली नाही.

रंगवायला या वस्तू अवघड आहेत, हेही एक कारण असावं. स्टीलला स्वतःचा रंग नसतो. किडनी ट्रेच्या पोटात खोलीचा सगळा उजेड वाकडा होऊन पडतो, तो जलरंगात राखायचा तर कागद कोरा सोडायला धीर लागतो. जुन्या काचेच्या सिरिंज आता उकळायला कुणी ठेवत नाही, पण कुठल्या वृद्ध डॉक्टरच्या कपाटात सापडली तर तिच्यावरच्या आकड्यांच्या खुणा काढताना मुलाला लंबगोलाचा पूर्ण धडा मिळेल. आणि सोल्युबिलिटीच्या नळ्या दोन हव्यात, एक साफ, एक गढूळ. गढूळ नळी लवकर होते: कडेला गडद, मधे एक उभी चमक. साफ नळीत मात्र मागची प्रत्येक रेघ काचेतून, द्रवातून, पुन्हा काचेतून न्यावी लागते, आणि ती पलीकडे निघते तेव्हा बाहेरच्या रेघेशी जुळली पाहिजे. शाळेतल्या किटलीऐवजी कुण्या कलाशिक्षकाने एकदा ही जोडी मांडून पाहावी, मागे रेघांचा कागद उभा करून, नेहमीच्याच वेळेत.